भालेराव बाईंचा फेब्रुवारी

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, "इन्कम टॅक्सची नवी पद्धत घ्यायची की जुनी? कुणी सांगेल का?" दोन मिनिटांत तिघांनी उत्तर दिलं, "भालेराव बाईंना विचारा." सवयीनं बोटं तसं लिहून गेली असणार. मग ज्यानं त्यानं आपापला मेसेज पुसला. मेसेज डिलीट केल्याच्या तीन ओळी एकाखाली एक तेवढ्या उरल्या. त्या मुलीला काही कळेना, तिनं नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या, हे लिहायला कुणाचाच हात धजला नाही. मीही फोन उलटा करून ठेवला.

सुमन भालेराव आमच्या मुरबाडच्या माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक होत्या. राहायला शहापूरला, भावाकडे. रोज सकाळच्या एसटीनं किन्हवलीमार्गे यायच्या आणि पहिली घंटा होण्याआधी स्वतःचं टेबल स्वतः पुसायच्या. बुटकी, गव्हाळ, अंगानं भरलेली बाई. केसांचा लहानसा अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलनं भरायचा आणि माणसाला वाचून दाखवायचा. त्यानं मान डोलावली की मगच त्याच्यावर पेन फिरायचं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वासाचा कुणाला त्रास नको म्हणून त्या एकट्याच खिडकीशी बसून जेवायच्या. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत निम्मी स्टाफरूम त्यांच्या खिडकीशी जाऊन बसायला लागली होती.

लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

फेब्रुवारी महिना त्यांचा. बाकीच्या शाळांमध्ये त्या महिन्यात लिपिक सगळ्यांना कागद वाटतो, 'गुंतवणुकीचे पुरावे जोडा' म्हणतो आणि मोकळा होतो. बाई एकेकाला बोलावून घ्यायच्या. समोरच्या स्टुलावर बसवायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"या वर्षी घरात कोण आलं, कोण गेलं?"

नव्या माणसाला वाटायचं, गप्पा मारतायत. "बाई, आधी ते टॅक्सचं..." असं कुणी म्हणालंच तर त्या म्हणायच्या, "टॅक्स कुठं पळून जात नाय. आधी घरातलं सांग." लग्न झालं का, मूल झालं का, आईवडलांपैकी कुणी गेलं का, पोरगी शिकायला बाहेर गेली का, हे सगळं ऐकून झालं की मग त्या आपोआप कपाटातून कागद काढायच्या. लग्न झालं तर नॉमिनेशन बदलायचं. वडील गेले तर आईच्या नावावर काय आहे ते बघायचं. मूल झालं तर आधी विमा, मग सोन्याची साखळी. आमच्या शाळेत कुणाच्या घरी काय घडलंय हे मुख्याध्यापकांना माहीत नसायचं, पण बाईंना असायचं. आणि त्यांच्या तोंडून ते कधी टेबलाच्या पलीकडे गेलं नाही.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीत मी अशीच त्या स्टुलावर बसले होते. "घरात काय नवीन?" त्यांनी विचारलं. मी "काही नाही" म्हणाले. पेन्सिल कागदावर टेकली होती, ती त्यांनी उचलली.

"दिवाळीनंतर सहा दिवस किरकोळ रजा घेतलीस गो. त्याआधी कधी लागोपाठ दोन घेतल्या नव्हत्यास."

तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ गेला होता. घरात आम्हा दोघांना सोडून कुणाला माहीत नव्हतं. शाळेत मी ताप म्हणून सांगितलं होतं. बाईंनी उठून दार ओढून घेतलं. माझ्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसल्या. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज राहू दे. तुझा फॉर्म उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एक अर्ज पेन्सिलनं लिहून तयार होता. गर्भ गेला तर बाईला वेगळी हक्काची रजा असते, हे मला तेव्हा प्रथम कळलं. "डॉक्टरचा कागद आण. त्या सहा दिवसांची रजा बदलून घेऊ. हवी तर अजून घे, मिळते," त्या म्हणाल्या. "पण बाई, सगळ्यांना कळेल." "साहेब सही करतील, मी नोंद करीन. तिसरा माणूस नाय." तसंच झालं. त्या रजेत मी वैशाखरेला आईकडे जाऊन राहिले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. पुढे माझी मुलगी झाली, तेव्हा बारशाला बाई आल्या होत्या. बाळाच्या हातात त्यांनी लाल चेंडू दिला आणि माझ्या हातात विम्याच्या अर्जाचा कागद.

'वाटतं' आणि 'माहीत आहे' या दोन शब्दांची त्यांच्याकडे कधी गल्लत व्हायची नाही. आमचा शिपाई धर्मा याची जमीन रस्ता रुंदीकरणात गेली. भरपाई खात्यात आली आणि त्याच्या दारात माणसांची रीघ लागली. मेव्हणा जीप घे म्हणाला, धंदा होईल. एक पॉलिसीवाला तर रोज शाळेच्या फाटकाशी उभा. त्यानं धर्माला सांगितलं होतं की महिनाअखेरीच्या आत मोठी पॉलिसी काढली नाही तर यातला तिसरा हिस्सा टॅक्सवाले नेतील. धर्मा घाबराघुबरा बाईंकडे आला.

"त्याला हे माहीत आहे का वाटतं?" बाईंनी विचारलं.

"आता ते मला काय ठाव, बाई?"

"शेतीच्या भरपाईवर टॅक्स नाय, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर तुझे पैसे मी नाय ठेवणार." आणि सुट्टीच्या दिवशी त्या धर्माला शहापूरच्या एका सीएकडे घेऊन गेल्या. कागद बघून सीए म्हणाला, कर लागत नाही. बाईंनी ते त्याच्याकडून लिहून घेतलं. पॉलिसीवाल्याला तो कागद फाटकाशी जाऊन स्वतः वाचून दाखवला. तो पुन्हा दिसला नाही.

मग त्यांनी धर्माला आपला नियम सांगितला. "तीन महिने पैशाला हात लावायचा नाय. जमीन गेली, माणूस गेलं, लग्न झालं, रिटायर झालास, यातलं काय पण घडलं की माणूस तीन महिने जागेवर नसतो. त्या दिवसांत घेतलेला निर्णय आपला नसतो."

धर्मा तीन महिने रोज संध्याकाळी त्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसायचा. जिथं त्याचं भाताचं खाचर होतं तिथं आता खडीचा ढीग होता. तीन महिने संपले तसा तो आला. "बाई, जीप नको. जमीनच घेऊ. थोडी का होईना, डोंगराकडं." बाईंनी एकच अट घातली, की सातबाऱ्यावर बायकोचंही नाव लागलं पाहिजे. आज धर्माची बायको त्या तुकड्यात वाल लावते.

त्यांच्या या तीन महिन्यांच्या नियमाचं पुढं जे झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

शहापूर-मुरबाड गाडीवर मोरे नावाचे कंडक्टर होते. उंच, सडपातळ, बोलायला कमी. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजारानं गेली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन नाशिकला. इतक्या वर्षांच्या प्रवासात बाईंची त्यांची ओळख नमस्कारापुरती. निवृत्त व्हायच्या आधी मोरेंनी गाडीतच बाईंना विचारलं, "मिळतील ते पैसे कुठं ठेवू?" बाईंनी सगळ्यांना सांगायच्या तेच सांगितलं. मोठा निर्णय तीन महिने घ्यायचा नाही.

तीन महिन्यांनी मोरे शाळेत आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. मी हजेरीपट ठेवायला ऑफिसात गेले होते. मोरे स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"तीन महिने झाले," ते म्हणाले.

"कसले?" बाई वर न बघता म्हणाल्या.

"तुमी म्हणालात मोठा निर्णय लगेच घ्यायचा नाय. मी थांबलो. पैशाचं काय नाय, ते बँकेत आहेत. मला दुसरं विचारायचं होतं. तुमी माझ्याशी लग्न कराल का?"

मी हजेरीपट छातीशी धरून उभी. बाहेर जावं की नाही तेही सुचेना. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. त्यांचा चेहरा असा तांबडा झालेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी म्हणाल्या, "मग मला पण तीन महिने लागतील."

"थांबतो की," मोरे म्हणाले आणि पिशवीतून पेरू काढून टेबलावर ठेवून गेले.

बाईंनी खरंच तीन महिने घेतले. मग होकार दिला. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती, आणि तिथंच लोकांच्या जिभा सुटल्या. या वयात लग्न कशाला? कंडक्टरची पेन्शन ती केवढीशी, बाईंची चांगली. बाईंच्या माघारी नवऱ्याला फॅमिली पेन्शन मिळणार. म्हणजे माणूस पेन्शनशीच लग्न करतोय. शाळेत हे कुजबुजीत होतं, भावाच्या घरात उघड.

लग्नाआधी बाईंनी मृत्युपत्र केलं त्या दिवशी साक्षीदार म्हणून मला शहापूरला बोलावलं होतं. भाऊ रमेश, त्याची बायको, नर्सिंगला शिकणारी पुतणी श्रुती, मोरे आणि बाई असे सगळे पुढच्या खोलीत बसले होते. बाईंनी वाचून दाखवलं. श्रुतीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव श्रुतीचीच. भावाच्या घरात त्यांनी घातलेल्या पैशावर त्यांचा किंवा मोरेंचा हक्क नाही. बाकीचं होणाऱ्या नवऱ्याला. "नॉमिनी लावला म्हणजे मालकी ठरत नाय, म्हणून हा कागद," एवढं सांगून त्यांनी चष्मा काढला.

रमेश उसळला. "ताई, लोक काय बोलतात ठाव आहे का तुला? तुझ्या पेन्शनवर डोळा आहे म्हणतात."

मोरे मान खाली घालून म्हणाले, "माझं नाव नका टाकू, बाई. माझी मला पुरते."

"तुमी जरा थांबा," बाई त्यांना म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "रमेश, मी मेल्यावर माझी पेन्शन भावाला मिळत नाय. मी लग्न नाय केलं तर ती कुणालाच नाय. नवऱ्याला मिळाली तर तुझ्या ताटातलं काय गेलं, सांग बरं?"

"पेन्शनचं नाय रे ते," बाईंचा आवाज खाली आला. "मी या घरातून जाणार, त्याचं आहे. ते मला पण आहे."

रमेश उठून अंगणात गेला. वहिनीनं आणलेला चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं तो दारात आला, डोळे लाल, आणि मोरेंकडे न बघता म्हणाला, "दर रविवारी जेवायला यायचं. दोघांनी. माझी ताई मला आठवड्याला दिसली पाहिजे."

मी सही केली. ती जरा रेघेखाली गेली म्हणून बाई मला ओरडल्या.

आधी नोंदणी, मग बुद्धविहारात पंचशील घेऊन लग्न. बाई पांढऱ्या साडीत आणि मोरे बाईंपेक्षा जास्त लाजलेले. रमेशनं सगळ्यांना स्वतः वाढलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाईंच्या हातून चूक झाली. कराची नवी पद्धत आपोआप लागू व्हायला लागली होती. जुनी हवी असेल तर तसं कळवायचं. स्टाफरूममध्ये आमचा एक तरुण सर खूश होता. "सुटलो, बाई! आता पावत्या नकोत, बचतीचे कागद नकोत."

"सरकारनं विचारायचं सोडलं रे," बाई म्हणाल्या. "म्हातारपण यायचं थोडंच सोडलंय?"

बचतीवरच्या त्या प्रेमापोटी त्यांनी आम्हा अकरा जणांना जुन्याच पद्धतीत ठेवलं. आम्हीही विचार न करता माना डोलावल्या. पगारातून कर कापला गेला. मे महिन्यात करकपातीचे फॉर्म तयार करताना बाईंनी दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून पाहिले, तेव्हा त्यांना कळलं की आमच्यापैकी प्रत्येकाला नवी पद्धत फायद्याची होती.

भर दुपारी माझ्या घराची कडी वाजली. दारात बाई, मागे छत्री धरून मोरे. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "माधुरी, चूक माझी झाली. तुझा जास्त टॅक्स कापला गेला." मी म्हणाले, "असू दे हो बाई." त्या चिडल्या. "असू दे काय? कष्टाचे आहेत तुझे. ऐक, रिटर्न वेळेत भरलंस तर त्यात नवी पद्धत निवडता येते. जादा गेलेलं परत मिळतं. हे मला वाटत नाय, माहीत आहे. सीएला विचारून आले."

मग त्या ओट्यावर बसल्या आणि एकदम दमल्यासारख्या दिसल्या. "मी सगळ्यांना म्हणायची, नियम बदलला की परत पहिल्यापासून बघा. माझं मीच नाय बघितलं. सवय लागली होती गो."

मी ताक आणलं, ते मात्र प्यायल्या. मोरे हळूच मला म्हणाले, "अकरा घरं आहेत. तुमचं सातवं. कालच्या एका सरांनी दारातच उभं ठेवलं, पण ही सगळं सांगूनच हलली." ताक संपवून दोघं आठव्या घराकडे गेली. मोरेंनी छत्री पूर्ण बाईंवर धरली होती, स्वतः उन्हात. पावसाळा संपायच्या आत आम्हा अकरा जणांचे पैसे परत आले. त्या दारात उभं ठेवणाऱ्या सरांनी निवृत्तीच्या समारंभात बाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तर बाईंनी त्यांना मध्येच धरून खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुमच्या आईचं ऑपरेशन झालं का?"

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं. दोनच दिवस दवाखान्यात होत्या. त्यानंतर पेन्शनच्या कागदांसाठी मोरे शाळेत आले, बरोबर रमेश. बाईंच्या जागी आलेल्या मुलानं फाइल उघडली आणि त्याला विचारायला एकही प्रश्न उरला नाही. लग्नाचा दाखला, एकत्र फोटो, बँकेचं पासबुक, प्रत्येकाच्या दोन प्रती, बाईंनीच क्रमानं लावून ठेवलेल्या. एका दुपारचं काम. अर्जावर 'मृत कर्मचाऱ्याशी नाते' असा रकाना होता, तिथं मोरेंचा हात थांबला. रमेशनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, 'पती' असं लिहिलं आणि पेन परत त्यांच्या बोटांत ठेवलं. मग फक्त सही राहिली होती, ती मोरेंनी केली.

पण बाई मला शेवटच्या दिसल्या त्या त्याआधीच्या थंडीत. मी मुरबाडहून वैशाखरेला आईकडे निघाले होते, घाटाकडे जाणाऱ्या एसटीनं. गाडी जवळजवळ रिकामी होती. पुढून तिसऱ्या बाकावर मोरे बसलेले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून बाई झोपलेल्या. तोंड किंचित उघडं, अंबाडा सुटून पाठीवर आलेला. त्या दोघांचा आता हाच उद्योग होता. निवृत्त कंडक्टर म्हणून मोरेंना दोघांचा पास असल्यामुळे कुठल्याही गाडीत बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथं चहा प्यायचा आणि परत यायचं.

मी हाक मारणार, तेवढ्यात मोरेंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. खिडकीतून येणारं ऊन बाईंच्या चेहऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी दुमडलेलं वर्तमानपत्र काचेला लावून धरलं होतं. रस्ता वळला तसं ऊन पुढच्या काचेतून आलं. मोरेंनी खांदा जराही न हलवता पेपर पुढं घेतला. पुढच्या वळणाला पुन्हा काचेला लावला.

वैशाखरेचा फाटा आला. मी पाय न वाजवता उतरले. एसटी घाटाच्या दिशेनं निघाली आणि पुढच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मला खिडकीतला तो पेपर दिसत होता.